स्पॅम आला कुठून? प्रत्येकाला वेगळा ईमेल पत्ता देऊन माग काढण्याची रीत

गेल्या वर्षी एका सकाळी इनबॉक्स उघडला, तर वजन घटवणाऱ्या गोळ्यांचे सहा मेल येऊन पडलेले. पाठवणारे सहा, विषय सहा, पण ज्यावर ते आले तो पत्ता एकच: ‘पक्षी.क७म४’. हा पत्ता मी उभ्या जगात एकाच ठिकाणी दिला होता, पक्षीनिरीक्षण करणाऱ्या एका हौशी मंडळाच्या सदस्यत्वाच्या अर्जावर. चोर सापडला असं समजून मी मंडळाच्या सचिवांना जरा तिखटच पत्र लिहिलं, की तुम्ही सदस्यांची यादी विकलीत. मंडळाने यादी विकलेली नव्हती. खरं काय झालं होतं ते पुढे येईलच. फजिती आधी सांगून टाकली, कारण वेगवेगळे पत्ते तयार करणं अर्ध्या तासाचं काम आहे. ते पत्ते देतात ती साक्ष नीट वाचायला मात्र मला दोन-तीन वर्षं लागली.

कल्पना जुनीच आहे. आपला नकाशा कुणी चोरून छापला तर कळावं म्हणून नकाशे काढणारे त्यात अस्तित्वात नसलेली एखादी गल्ली घालून ठेवत. पत्त्यांच्या याद्या भाड्याने देणारेही यादीत चार खोटी नावं पेरून ठेवतात. आपण तेच करायचं: ज्याला-त्याला वेगळा पत्ता, आणि सगळे पत्ते शेवटी एकाच पेटीत येऊन पडणार. नको तो मेल कुठल्या पत्त्यावर आला, यावरून तो पत्ता कुठून बाहेर पडला ते कळतं.

यातून मोठी प्रकरणंही उघड झाली आहेत. २०१२च्या जुलैमध्ये ड्रॉपबॉक्सच्या काही ग्राहकांना जुगाराच्या जाहिराती येऊ लागल्या, तेही फक्त ड्रॉपबॉक्ससाठी बनवलेल्या पत्त्यांवर. त्यांनी आरडाओरडा केल्यावर कंपनीने तपास केला आणि महिनाअखेर कबूल केलं, की चोरलेल्या पासवर्डने एका कर्मचाऱ्याच्या खात्यात कुणीतरी शिरलं होतं आणि त्या खात्यातल्या एका फाइलमध्ये ग्राहकांचे ईमेल पत्ते होते. त्याआधी टीडी अमेरिट्रेड या अमेरिकी दलाली कंपनीच्या ग्राहकांना अशाच राखीव पत्त्यांवर शेअर घ्या म्हणून सांगणारे मेल येत होते. २००७च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने आपल्या माहितीसाठ्यात घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं.

कामाला लागण्यापूर्वी एक सूचना. या लेखातले नमुन्याचे पत्ते वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे.

पहिली पायरी: पत्ते कसे बनवायचे ते ठरवा

सर्वांत स्वस्त मार्ग अधिक चिन्हाचा. तुमचा पत्ता ‘नाव@उदाहरण.कॉम’ असेल, तर ‘नाव+चप्पल@उदाहरण.कॉम’ या पत्त्यावर पाठवलेला मेलही तुमच्याकडेच येतो. अधिक चिन्हानंतरचा मजकूर सर्व्हर पोचवताना सोडून देतो, पण पत्त्यात तो तसाच राहतो. जीमेल, आउटलुक.कॉम, फास्टमेल, प्रोटॉन मेल अशा बऱ्याच सेवांत हे आपसूक चालतं. सेटिंगमध्ये काही करावं लागत नाही. आत्ताच स्वतःला असा एक मेल पाठवून बघा.

याच्या दोन खोडी आहेत. पहिली, काही अर्जांना पत्त्यात अधिक चिन्ह चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी नोंदणी होते आणि नंतर लॉगिन किंवा नाव काढण्याचं पान तो पत्ता ओळखत नाही. कारण वेबच्या दुव्यात अधिक चिन्ह रिकाम्या जागेसाठी वापरतात, आणि पान बनवणाऱ्याने ते सांभाळलेलं नसतं. म्हणून अशा पत्त्याने नोंदणी केली, की लगेच एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करून बघावं. दुसरी खोड मोठी. अधिक चिन्हापासूनचा भाग खोडला की मूळ पत्ता उरतो, हे स्पॅमवाल्यांनाही ठाऊक आहे. एका ओळीच्या प्रोग्रॅमने लाखो पत्त्यांची शेपटी कापता येते. मग स्पॅम तुमच्या साध्या पत्त्यावर येतो आणि माग तिथेच संपतो.

यावर अर्धामुर्धा उपाय आहे. नवीन खातं उघडा आणि त्याचा बिनशेपटीचा पत्ता कुणालाच देऊ नका, अगदी घरच्यांनाही ‘नाव+घर’ असाच द्या. मग उघड्या पत्त्यावर आलेला प्रत्येक मेल संशयित ठरतो. कुणी कापला ते कळत नाही, पण कापलेला आहे एवढं तरी कळतं.

जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही, ही सोयही काही जण वापरतात. आठ अक्षरी नावात सात फटी. प्रत्येक फटीत टिंब द्यायचं किंवा नाही, असे १२८ प्रकार होतात. अधिक चिन्ह न चालणाऱ्या एखाद्या हट्टी अर्जासाठी ठीक आहे. टिंबांवरून कंपनी ओळखायची म्हणजे डोळे फुटतील.

दुसरा मार्ग आडपत्ते देणाऱ्या सेवांचा: फायरफॉक्स रिले, सिंपललॉगिन, अ‍ॅडी.आयओ, डकडकगोची ईमेल संरक्षण सेवा, ॲपलची ‘हाइड माय ईमेल’. इथे दर वेळी एक नवा, बहुधा अर्थहीन पत्ता मिळतो आणि त्यावरचा मेल तुमच्या खऱ्या पेटीकडे पुढे जातो. खरा पत्ता समोरच्याला दिसत नाही, त्यामुळे शेपटी कापण्याचा प्रश्नच नाही. नको झाला की एका बटणाने पत्ता बंद. ज्याला तांत्रिक उठाठेवी नको आहेत त्याने हाच मार्ग धरावा. ही सेवा उद्या बंद पडली किंवा महाग झाली तर तुमचे शंभर पत्ते तिच्याबरोबर जातात, एवढं लक्षात असू द्या. शिवाय काही संकेतस्थळं या सेवांची डोमेन (पत्त्यातला @च्या उजवीकडचा भाग) ओळखून नोंदणी नाकारतात.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतःचं डोमेन, मी तोच वापरतो. वर्षाला थोडे पैसे जातात, पण @ चिन्हाच्या डावीकडे काय हवं ते लिहिता येतं. मेलसेवा बदलली तरी पत्ते आपल्याकडेच राहतात. यात ‘कॅच-ऑल’ नावाची सोय असते: डाव्या बाजूला काहीही असो, मेल पेटीत येणारच. नवा पत्ता आधी तयार करायची गरज नाही, फॉर्म भरता भरता सुचेल तो द्यायचा. मोह पडण्यासारखीच सोय आहे. पण मग ‘इन्फो’, ‘अ‍ॅडमिन’, ‘सेल्स’ अशी अंदाजाने ठोकलेली नावंही आत येतात. म्हणून शक्य असेल तर कॅच-ऑल बंद ठेवून प्रत्येक पत्ता हाताने जोडा, किंवा विशिष्ट सुरुवात असलेलेच पत्ते स्वीकारा.

खूण अशी हवी की कुणाला अंदाज येऊ नये

इथे बहुतेक जण चुकतात. मीही सुरुवातीला चुकलो. कंपनीचं नुसतं नाव डाव्या बाजूला लिहिलं तर साक्ष कच्ची राहते. तुमच्या डोमेनवर चार-पाच कंपन्यांच्या नावांचे पत्ते आहेत हे एकदा कळलं, की सहावं नाव कुणीही ठोकून बघू शकतो. मग ‘हा पत्ता तुमच्याशिवाय कुणाकडेच नव्हता’ हे तुमचं वाक्य टिकत नाही.

म्हणून नावापुढे चार यादृच्छिक अक्षर-अंक जोडा. २६ रोमन अक्षरं आणि १० अंक धरले, तर चार जागांत १६,७९,६१६ जोड्या होतात. कंपनीचं नाव माहीत असलं तरी पुढचा भाग अंदाजाने बरोबर येणं अशक्यप्राय. अक्षरं मनाने निवडू नका, मन सारखं त्याच त्या अक्षरांकडे जातं. पासवर्ड बनवून जपून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे पासवर्ड मॅनेजरला, निवडू द्या. शून्य आणि ओ, एक आणि एल अशा जोड्या टाळा, कारण कधीतरी हा पत्ता फोनवर सांगावा लागतो.

फोनवर सांगण्याचीही एक गंमत असते. पत्त्यात कंपनीचंच नाव असलं, की पलीकडचा माणूस थबकतो आणि हमखास विचारतो, “तुम्ही आमच्याकडेच कामाला आहात का?” ते टाळायचं तर पूर्ण नावाऐवजी आपल्यालाच कळेल असा शब्द घ्या. चपलांच्या दुकानाला ‘पाय’, विमान कंपनीला ‘पंख’. @च्या डावीकडे कमाल ६४ वर्णांची मर्यादा आहे. तिच्या जवळ जायचं कारण नाही, बारा-पंधरा पुरेत.

जिथे खरं नाव देण्याची सक्ती नाही तिथे नावातही खूण ठेवता येते. मधलं आद्याक्षर बदलायचं, किंवा आडनावात एक अक्षर जास्त घालायचं. स्पॅमने त्याच चुकीच्या नावाने नमस्कार केला, तर पत्त्याबरोबर नावाचा रकानाही गेला, म्हणजे अख्खी नोंद बाहेर पडली.

वही ठेवा

वहीशिवाय ही सगळी खटपट वाया. प्रत्येक पत्त्याला एक ओळ: पत्ता, कुणाला दिला, कोणत्या तारखेला, कशासाठी. पासवर्ड मॅनेजरमध्ये त्या खात्याच्या नोंदीतच हे लिहिता येतं, वेगळी फाइल लागत नाही. तारीख लिहायला विसरू नका. चार वर्षांनी स्पॅम आला आणि कंपनीने आमची माहिती अमुक महिन्यात फुटली होती असं सांगितलं, की तुमचा पत्ता तेव्हा त्यांच्याकडे होता की नाही हे तारखेवरूनच ठरतं.

जुनी खाती एका दमात बदलायला बसू नका, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. आजपासून नवीन नोंदणी नव्या पद्धतीने, आणि जुन्यांपैकी ज्याचा मेल येईल त्याचा पत्ता त्याच दिवशी बदलायचा. बँक आणि सरकारी कामं शेवटी घ्या. त्यांना आडपत्त्याच्या मोफत सेवेतला पत्ता देऊच नका; स्वतःच्या डोमेनवरचा द्या किंवा मूळ पत्ता राहू द्या. पासवर्ड विसरल्यावर दुवा तिथेच येणार आहे.

आणखी एक: उत्तर देताना सांभाळा. वेगळ्या पत्त्यावर आलेल्या मेलला नेहमीच्या पत्त्यावरून उत्तर गेलं, की खरा पत्ता त्यांच्या हातात पडला. मेलच्या प्रोग्रॅममध्ये ‘ज्या पत्त्यावर आला त्याच पत्त्यावरून उत्तर’ अशी सोय असते, ती चालू करा.

स्पॅम आल्यावर: पाकीट वाचा, पत्र नव्हे

ईमेलला दोन पत्ते असतात. एक पाकिटावरचा, ज्यावरून सर्व्हर मेल पोचवतो. दुसरा आतल्या कागदावर छापलेला, जो आपल्याला ‘टू’ म्हणून दिसतो. हे दोन्ही जुळलेच पाहिजेत असं बंधन नाही. स्पॅममध्ये आतल्या कागदावर वाटेल ते असतं, म्हणून वरवर दिसणाऱ्या ‘टू’वर विसंबू नका. मेलचं मूळ रूप उघडा; त्यातल्या वरच्या तांत्रिक ओळींना ‘हेडर’ म्हणतात. जीमेलमध्ये तो पर्याय मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांच्या मेनूत आहे, थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू एकत्र दाबा. तिथे साधारण असं काही दिसेल:

रिसीव्हड: … फॉर पक्षी.क७म४@माझं-डोमेन.नेट
डिलिव्हर्ड-टू: पक्षी.क७म४@माझं-डोमेन.नेट
फ्रॉम: फिटनेस मित्र
टू: प्रिय सदस्य

आपल्या कामाच्या ओळी पहिल्या दोन. ‘डिलिव्हर्ड-टू’, काही सर्व्हरांवर ‘एक्स-ओरिजिनल-टू’, किंवा ‘रिसीव्हड’च्या ओळीत ‘फॉर’ या शब्दापुढचा पत्ता. यांतलं निदान एक बहुधा सापडतंच. ‘रिसीव्हड’च्या ओळी खालून वर वाचायच्या असतात, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चिकटवतो. त्यांतल्या तुमच्या मेलसेवेने स्वतः घातलेल्या ओळींवरच विश्वास ठेवा. त्याखालच्या ओळी पाठवणाऱ्याला खोट्या घालता येतात. ‘फ्रॉम’ तर कुणीही काहीही लिहू शकतो.

जीमेलमध्ये शोधाच्या चौकटीत ‘डिलिव्हर्डटू:’ हा शब्द रोमनमध्ये लिहून पुढे पत्ता टाकला, की त्या पत्त्यावर आजवर आलेले सगळे मेल एकत्र दिसतात. हे जरूर करा. स्पॅमच्या आधी तिथे काय काय आलं होतं, यातच बरेचदा उत्तर असतं.

माझ्या बाबतीत तेच झालं. त्या पत्त्यावर स्पॅम सोडून एकूण नऊ मेल होते. त्यांतला एक वार्षिक सभेच्या सूचनेचा, आणि त्यात सगळ्या सदस्यांचे पत्ते ‘सीसी’त उघडे पडलेले. म्हणजे माझा ‘फक्त एकालाच दिलेला’ पत्ता त्या दिवसापासून शंभरावर लोकांच्या पेट्यांत होता. आठवड्याभराने आणखी एक मेल आला: विषय ‘उत्तर: वार्षिक सभा’, खाली सचिवांचं मूळ पत्र जसंच्या तसं, आणि वर एक संशयास्पद जोडपत्र. कुणा सदस्याच्या पेटीत शिरलेल्या व्हायरसने तिथली जुनी पत्रं उचलून हा उद्योग चालवला होता. मंडळाची चूक होती ती पत्ते झाकणाऱ्या ‘बीसीसी’ऐवजी ‘सीसी’ वापरण्याची. मी आरोप केला होता चोरीचा.

निष्कर्ष काढण्याआधी

वेगळा पत्ता तुम्हाला गळतीची जागा सांगतो. गळती कुणी केली आणि कशी, हे त्यातून कळत नाही. ते स्पॅमच्या जातीवरून ताडावं लागतं.

मेल नीटनेटका, पाठवणारी कंपनी खरी, ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’च्या ओळीत एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनवरून आला का, हे तपासणाऱ्या दोन चाचण्या) दोन्ही उत्तीर्ण, खाली नाव काढायचा दुवा चालणारा, असं असेल तर पत्ता बहुधा ‘भागीदारांना’ रीतसर दिला गेला आहे. नोंदणीच्या अटी काढून वाचा; परवानगी तुम्हीच दिलेली निघण्याची शक्यता आहे. उलट वीस ठिकाणांहून गोळ्या, जुगार, बनावट बिलं असा कचरा येत असेल, तर यादी फुटलेली आहे. धमकीच्या मेलमध्ये त्याच खात्याचा तुमचा खरा पासवर्ड लिहिलेला असला, तर शंकाच उरत नाही. फुटलेल्या याद्यांत आपला पत्ता आहे का ते सांगणाऱ्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर तो पत्ता तपासा. तिथे प्रत्येक शेपटीचा पत्ता स्वतंत्र धरतात, म्हणून शेपटीसकट टाका. स्वतःचं डोमेन असेल तर सगळे पत्ते एकदम तपासण्याची सोय आहे.

फुटली तरी त्या कंपनीकडूनच फुटली असेल असंही नाही. २०११मध्ये एप्सिलॉन ही कंपन्यांच्या वतीने मेल पाठवणारी संस्था फोडली गेली, आणि बँकांपासून दुकानांपर्यंत तिच्या अनेक गिऱ्हाइकांच्या ग्राहकांचे पत्ते एकाच वेळी बाहेर गेले. तुम्ही पत्ता दिलात दुकानाला, गेला तो मेल पाठवणाऱ्याकडून.

एक तपासणी मात्र कधीच वगळू नका: तोच स्पॅम तुमच्या इतर पत्त्यांवरही त्याच सुमारास आला का? एकाच पत्त्यावर आला तर गळती तिकडची. चार-पाच असंबंधित पत्त्यांवर आला तर बोट स्वतःकडे वळवा. तुमची पेटी, एखादं ब्राउझर एक्स्टेन्शन, संपर्कयादी वाचायची परवानगी दिलेलं मोबाइल ॲप, किंवा आडपत्ते देणारी सेवाच.

मग करायचं काय

अनोळखी स्पॅममधल्या ‘नाव काढा’ दुव्यावर टिचकी मारू नका; पत्ता जिवंत आहे हे कळवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. आधी त्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पासवर्ड बदला आणि नवा पत्ता द्या, नव्या चार अक्षरांचा. जुना पत्ता लगेच मारून टाकू नका. फिल्टर लावून त्याचे मेल महिनाभर वेगळ्या फोल्डरमध्ये साठवा, पुरावा जमू द्या. मग बंद करा.

हा नवा पत्ता म्हणजे दुसरा सापळा आहे. जुन्यावरच स्पॅम येत राहिला, तर गळती एकदाच होऊन गेली. नव्यावरही सुरू झाला, तर भोक अजून उघडं आहे, आणि ‘जुना प्रकार आहे, आता दुरुस्त केलंय’ हे उत्तर खपत नाही.

कंपनीला लिहिताना माझ्यासारखं तापून लिहू नका. हल्ली मी एवढंच लिहितो: “हा पत्ता मी अमुक तारखेला केवळ आपल्याकडे नोंदवला होता. अमुक तारखेपासून त्यावर अनोळखी जाहिराती येत आहेत. पूर्ण हेडरसह तीन नमुने जोडले आहेत. ग्राहकांचे पत्ते आपण कोणत्या बाहेरच्या सेवेला देता, आणि या काळात माहिती बाहेर गेल्याची नोंद आहे का, ते कळवावं.” पत्र मदतकक्षाकडे न पाठवता गोपनीयता धोरणाच्या पानावर दिलेल्या संपर्कावर पाठवा. मदतकक्षातून ‘स्पॅम फोल्डर तपासा’ असंच उत्तर येतं. जिथे युरोपीय संघाचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू होतो तिथे कलम १५चा आधार घेता येतो: आपली माहिती कुणाला दिली हे विचारता येतं, आणि उलट बाजूने, ज्या जाहिरातदाराने स्पॅम पाठवला त्याला ती कुठून मिळाली हेही. उत्तरासाठी एरवी एक महिन्याची मुदत असते.

या पद्धतीचा रोजचा फायदा स्पॅम शोधण्याहून मोठा आहे. बँकेच्या नावाने ‘खातं गोठवलं’ असा मेल आला आणि तो चपलांच्या दुकानाला दिलेल्या पत्त्यावर आला असेल, तर पुढे वाचायचीही गरज नाही. याचं उलट मात्र खरं मानू नका. बँकेला दिलेल्या पत्त्यावर आला म्हणून तो बँकेचाच, असं होत नाही. तो पत्ताही फुटलेला असू शकतो.

स्वतःचं डोमेन घेतलेल्यांनी नूतनीकरण आपोआप होईल असं करून ठेवा, आणि तरीही त्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. डोमेनची मुदत संपू दिलीत तर ते कुणीही विकत घेऊ शकतं. मग तुमच्या दीडशे पत्त्यांवरचे मेल, पासवर्ड बदलायच्या दुव्यांसकट, त्याच्या पेटीत जाऊ लागतात. डोमेन ज्या कंपनीकडे नोंदवलं आहे तिला संपर्कासाठी त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका. मुदत संपल्यावर तिची सूचना तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.